आकड्यांची रेषा आणि तारापूरचा समुद्र

पालघर जिल्ह्याच्या वाट्याला आलेले बहुतेक वाद आता आकडेवारीच्या आधारे लढले जाऊ लागले आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे मासळी घटली का, अणुऊर्जा केंद्राच्या परिसरात आजारांचे प्रमाण अधिक आहे का, जव्हार-मोखाड्यातील पोषण आहाराच्या योजनांमुळे बालकांची वजने खरोखर वाढली का, आणि वाढवण बंदरामुळे किनाऱ्याचे काय होणार, या प्रत्येक प्रश्नावर कोणी ना कोणी एक आलेख घेऊन उभा राहतो. आलेखावर विखुरलेले ठिपके असतात आणि त्यांच्यामधून गेलेली एक सरळ रेषा. रेषा चढत असेल तर एका पक्षाचे समाधान होते, सपाट असेल तर दुसऱ्याचे. ठिपक्यांमधून अशी रेषा काढण्याच्या पद्धतीला संख्याशास्त्रात समाश्रयण म्हणतात. व्यवहारात मात्र रिग्रेशन हाच शब्द रुळला आहे.

एकेकाळी हे गणित करण्यासाठी पाने भरून आकडेमोड करावी लागे. त्या कष्टांमुळेच असेल कदाचित, पण करणारा आधी दोनदा विचार करीत असे. आज संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात दोन रकाने भरले आणि माऊसची कळ दाबली की रेषा तयार होते, तिचे समीकरण छापून येते आणि शेजारी ती ठिपक्यांशी किती जुळते याचा आकडाही उमटतो. 'या आकड्यांवरून काहीच सांगता येत नाही' असे उत्तर मात्र संगणक देत नाही. ते उत्तर देण्याची जबाबदारी माणसाची असते, आणि आपल्याकडे नेमकी तीच झटकली जाते. यात केवळ कारखानदार वा सरकारी यंत्रणा दोषी आहेत असे नव्हे. आंदोलकांची बाजू न्याय्य असली तरी त्यांचे आलेख अनेकदा तितकेच कच्चे असतात.

सर्वात सोपे उदाहरण तारापूरच्या प्रदूषण निर्देशांकाचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा तारापूरला ७२.०१ गुण मिळाले आणि ते अतिप्रदूषित ठरले. २०१८ च्या मूल्यमापनात हा आकडा ९३.६९ झाला आणि तारापूर देशात पहिल्या क्रमांकावर आले. या दोन आकड्यांतून रेषा काढून 'प्रदूषण दरवर्षी अमुक गुणांनी वाढले' असे सांगणारी भाषणे आणि लेख पुष्कळ झाले. दोन ठिपक्यांमधून रेषा नेहमीच जाते आणि ती तंतोतंत जुळते. तिचे जुळणे हा कशाचाही पुरावा नाही. शिवाय मधल्या काळात, २०१६ मध्ये, हा निर्देशांक काढण्याचे निकषच बदलण्यात आले. मोजपट्टी बदलल्यावर उंची वाढली की पट्टी वेगळी आहे, हे कसे ठरवायचे? तारापूरची स्थिती गंभीर आहे हे सांगण्यास २०१८ चा आकडा एकटा पुरेसा होता. त्याला नसलेल्या रेषेचा आधार दिल्याने उलट प्रतिपक्षाला खुसपट काढण्याची संधी मिळाली.

मासळीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तो हजारो कुटुंबांच्या पोटाशी निगडित असल्याने येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. वसाहतीचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीद्वारे नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. ते पुरेशा प्रक्रियेविना सोडले जात असल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि जानेवारी २०२२ मध्ये शंभरावर कारखाने व सामायिक प्रक्रिया केंद्र यांच्यावर पर्यावरणीय भरपाईची जबाबदारी निश्चित करणारा निकाल दिला. सांडपाण्याच्या उल्लंघनाबाबत यानंतर फारसा वाद उरू नये. पण 'त्यामुळे मासळी किती घटली' हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर उल्लंघनाच्या नोंदींतून आपोआप निघत नाही.

सातपाटीचे पापलेट हे या किनाऱ्याचे वैभव. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, तो मुख्यतः ही जात संकटात असल्याची जाणीव झाल्यामुळेच. आता एका रकान्यात वर्षागणिक पापलेटची आवक आणि दुसऱ्यात वसाहतीतील कारखान्यांची संख्या मांडली, तर एक चढता आणि एक उतरता असे दोन आलेख मिळतील आणि रिग्रेशन त्यांच्यात घट्ट नाते दाखवील. परंतु काळाबरोबर एकाच दिशेने सरकत जाणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टींमध्ये असे नाते दिसते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी १९२६ मध्ये याचे प्रसिद्ध उदाहरण दिले. इंग्लंडमध्ये १८६६ ते १९११ या काळात चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने होणाऱ्या विवाहांचे प्रमाण आणि मृत्युदर या दोहोंत ०.९५ इतका सहसंबंध होता. चर्चमध्ये लग्न केल्याने माणसे मरतात, असा निष्कर्ष अर्थातच कोणी काढला नाही. दोन्ही आकडे त्या अर्धशतकात आपापल्या कारणांनी घसरत होते, इतकेच.

कारखान्यांची संख्या वाढत होती त्याच दशकांत बोटींची इंजिने मोठी झाली, जाळ्यांची लांबी वाढली, आसांचा आकार लहान झाला, पर्ससीन आणि ट्रॉलिंगचा विस्तार झाला. डोल जाळ्यांत पापलेटची पिल्ले मोठ्या प्रमाणावर सापडतात आणि कवडीमोलाने विकली जातात, ही खंत सातपाटीचे जाणते मच्छीमार स्वतःच बोलून दाखवितात. अणुऊर्जा केंद्रातील संयंत्रे थंड करण्यासाठी वापरलेले समुद्राचे पाणी किंचित तापून परत समुद्रातच जाते. अरबी समुद्राचे तापमान वाढते आहे ते निराळेच. यांपैकी एकच कारण समीकरणात घातले की इतर सर्वांचा दोष त्या एकट्याच्या माथी येतो. हे तंत्रातले किरकोळ बारकावे नव्हेत. गणिताचे उत्तर नेमके येथेच फिरते.

म्हणून पहिली अट अशी की 'किती मासळी आली' एवढे न पाहता 'किती प्रयत्नांमागे किती आली' हे पाहावे. किती बोटी, किती दिवस, कोणते जाळे, किती खोल समुद्रात, या नोंदींविना आवकेचा आकडा फसवा असतो. मासळी घटत असताना बोटी दुप्पट दूर जाऊन तेवढाच माल आणतात आणि रेषा सपाट राहते; हानी झाली नाही असा दाखला मग तीच रेषा देते. दुसरी अट, तुलना केवळ काळाची नको, जागेचीही हवी. सांडपाणी वाहिनीच्या तोंडाशी, तेथून काही अंतरावर आणि ज्या खाड्यांचा तारापूरशी संबंध नाही अशा ठिकाणी एकाच पद्धतीने मोजमाप केले, तर तापमानवाढीसारखी सर्वत्र लागू असणारी कारणे तुलनेतून बाहेर पडतात.

येथे एक चकवाही सांगितला पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने थंडावले, तेव्हा समुद्राला उसंत मिळाल्याचे सर्वत्र बोलले गेले आणि सांडपाण्याचा परिणाम तपासण्याची ही आयती संधी आहे असे अनेकांना वाटले. पण त्याच आठवड्यांत बोटीही किनाऱ्याला लागल्या होत्या. दोन कारणे एकाच वेळी थांबली की त्यांपैकी कोणामुळे फरक पडला हे जगातील कोणतेही समीकरण सांगू शकत नाही. याउलट दरवर्षीच्या जून-जुलैतील मासेमारीबंदीत बोटी थांबतात आणि कारखाने चालू असतात. पाण्याची, गाळाची आणि पिल्लांची मोजणी त्या दोन महिन्यांत नेमाने केली, तर दोन कारणे वेगळी करण्याची थोडीफार सोय निसर्गतः उपलब्ध आहे. अर्थात पावसाळ्यात नदीनाल्यांचे गोडे पाणी समुद्रात मिसळते आणि सांडपाणी विरळ होते, हे ध्यानात ठेवावे लागेल. सोयीची संधीही अशी अटी घेऊन येते.

भरपाईच्या रकमेविषयीही गैरसमज आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१९ पासून वापरात असलेल्या सूत्रात प्रदूषणाचा वर्ग, उल्लंघनाचे दिवस, ठरावीक रुपयांचा घटक, उद्योगाचा आकार आणि स्थान यांचा गुणाकार केला जातो. हे दंडाचे दरपत्रक आहे. हानीचा अंदाज नव्हे. अशा सूत्राने निघालेली कोट्यवधींची रक्कम म्हणजे मच्छीमारांचे तेवढे नुकसान झाले असे समजणे चूक, आणि रक्कम कमी निघाली म्हणून नुकसानही कमी असे समजणे तितकेच चूक. मच्छीमारांच्या हातात काय पडायला हवे, याचा हिशेब निराळा करावा लागतो, आणि त्यासाठी वर सांगितलेल्या नोंदींना पर्याय नाही.

आता अणुऊर्जा केंद्राकडे वळू. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरची पहिली दोन संयंत्रे व्यापारी तत्त्वावर सुरू झाली आणि तेव्हापासून किरणोत्सर्ग आणि कर्करोग ही चर्चा आसपासच्या गावांची पाठ सोडत नाही. केंद्रापासूनचे अंतर आणि आजार यांचे रिग्रेशन करावे, ही कल्पना सहज सुचणारी आहे. जर्मनीत ते प्रत्यक्ष केले गेले. २००७ च्या अखेरीस जाहीर झालेल्या त्या अभ्यासात १६ अणुऊर्जा केंद्रांच्या परिसरातील पाच वर्षांखालील मुलांची १९८० ते २००३ या काळातील माहिती तपासण्यात आली. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक, म्हणजे २.१९ पट, आढळला. जर्मनीत त्यावर गदारोळ झाला. मात्र त्या पाच किलोमीटरच्या वर्तुळांत २४ वर्षांत आढळलेले रुग्ण होते ३७. आणि या केंद्रांतून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या हजारांश भागाहूनही कमी असल्याने त्याद्वारे ही वाढ स्पष्ट करता येत नाही, असे संशोधकांनी स्वतःच नमूद केले. नाते आढळले, कारण आढळले नाही. दोन्ही वाक्ये एकाच अहवालात लिहिण्याचा प्रामाणिकपणा येथे महत्त्वाचा.

इंग्लंडमध्ये सेलाफील्डच्या अणुप्रकल्पाजवळील सीस्केल या गावातही बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे १९८३ मध्ये पुढे आले होते. त्यावर लिओ किनलेन यांनी १९८८ मध्ये वेगळेच स्पष्टीकरण सुचविले. आडवळणाच्या ग्रामीण भागात बाहेरून एकाएकी मोठी वस्ती आली की नव्या संसर्गांची देवाणघेवाण होते आणि हा आजार त्या संसर्गाचा विरळा परिणाम असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. ते सर्वमान्य झालेले नाही. पण बोईसर-तारापूरच्या संदर्भात ते दुर्लक्षून चालणार नाही. कारण येथे अणुऊर्जा केंद्राबरोबर रासायनिक कारखाने आले आणि देशभरातून कामगारांचा लोंढाही आला. तिन्ही गोष्टी एकाच परिसरात असताना 'केंद्रापासूनचे अंतर' मोजणारी रेषा नेमके काय मोजत असते? बोईसरमधील घराचे अंतर अणुभट्टीपासूनही मोजता येते, रासायनिक कारखान्याच्या धुराड्यापासूनही आणि मजुरांच्या दाटीच्या चाळींपासूनही.

यापुढील अडचण लहान संख्येची आहे आणि ती अधिक कठोर आहे. समजा, काही गावांत मिळून पंधरा वर्षांखालील ५ हजार मुले आहेत. बालकांतील रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण दर लाख मुलांमागे वर्षाला चार धरले, तर त्या गावांत पाच वर्षांत सरासरी एक रुग्ण अपेक्षित आहे. धोका खरोखरच दुप्पट झाला तर दोन. आता योगायोगाचा हिशेब पाहा. धोका मुळीच वाढलेला नसताना दोन किंवा अधिक रुग्ण सापडण्याची शक्यता २६ टक्के आहे. धोका दुप्पट झालेला असताना एकही रुग्ण न सापडण्याची शक्यता १३ टक्क्यांहून अधिक आहे. म्हणजे पहिल्या स्थितीत अकारण घबराट आणि दुसऱ्या स्थितीत अकारण निर्धास्तपणा. अशा आकडेवारीवर केलेल्या अभ्यासात 'लक्षणीय फरक आढळला नाही' असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. 'एवढ्या माहितीवरून धोका दिसू शकला नसता' असाही तो असू शकतो. सरकारी खुलाशांत हा भेद क्वचितच पाळला जातो. उलट बाजूस, वीस निरनिराळे आजार तपासले तर कोणताही धोका नसताना त्यांतील एखादा तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते, आणि पत्रकात नेमका तोच झळकतो.

योग्य रीतीने हे काम करता येते, आणि ते आपल्याच देशात झाले आहे. केरळमधील करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतील थोरियममुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग पुष्कळ अधिक आहे. तेथील ६९,९५८ रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेऊन त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासात नुसत्या अंतरावर न विसंबता किरणोत्सर्गाच्या मात्रेचा अंदाज केला गेला. वय, सामाजिक स्थिती, विडीचे व्यसन यांचा हिशेब ठेवला गेला. एका ग्रे मात्रेमागे कर्करोगाच्या जादा धोक्याचा अंदाज उणे ०.१३ निघाला, आणि त्याची संभाव्य मर्यादा उणे ०.५८ ते अधिक ०.४६ अशी दिली गेली. या मर्यादेत शून्य येते, म्हणून धोका वाढल्याचा पुरावा नाही. परंतु वरच्या टोकाला किती धोका नाकारता येत नाही, हेही वाचकाला कळते. तारापूरविषयीच्या कोणत्याही अहवालाचे पान उलटताना आधी ही मर्यादा शोधावी. ती दिलेली नसेल तर उरलेले अहवाल वाचण्याची घाई नको. अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतील कर्मचाऱ्यांची तुलना शेजारच्या गावांशी केली असेल तर अधिकच सावध राहावे. नोकरीपूर्वी वैद्यकीय तपासणी झालेला आणि औषधोपचाराची हमी असलेला नोकरदार कोठेही सरासरीहून निरोगीच आढळतो.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ तालुक्यांत रिग्रेशनचा आणखी एक सापळा आहे, आणि या शब्दाचा जन्मच त्यातून झाला आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ दांपत्ये आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले यांच्या उंचीची तुलना केली. अतिउंच आई-वडिलांची मुले उंच असतात, पण आई-वडिलांइतकी नव्हे. ठेंगण्यांची मुले ठेंगणी, पण तितकी नव्हे. टोकाचे मोजमाप पुढच्या खेपेस सरासरीकडे सरकते, या प्रवृत्तीला त्यांनी रिग्रेशन म्हटले. अंगणवाडीत तीव्र कुपोषित म्हणून निवडलेली बालके ही त्या दिवशी सर्वात कमी वजन भरलेली असतात. त्यांतील काहींना त्या आठवड्यात ताप वा जुलाब झालेला असतो, काहींच्या बाबतीत वजनकाटाच चुकलेला असतो. महिन्याभराने पुन्हा वजन केले की ग्राम बाल विकास केंद्रात एक घासही न मिळता त्यांतील काहींची वजने वाढलेली दिसतील. योजनेने फरक पडला नाही असे यातून सुचवायचे नाही. तो किती पडला हे समजण्यासाठी अशीच कमी वजनाची, पण योजना उशिरा पोहोचलेली बालके तुलनेला हवीत. त्यातच दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहतात ती तुलनेने बरी असलेली घरे. अंगणवाडीच्या वहीतील सरासरी सुधारते, कारण हलाखीतील मुले वहीतूनच निघून गेलेली असतात.

जिल्ह्याच्या सरासरीविषयी दोन शब्द. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २९.९० लाख. त्यांपैकी १३ लाखांहून अधिक एकट्या वसई तालुक्यात, तर मोखाड्यात जेमतेम ८३ हजार. जिल्ह्याची सरासरी म्हणजे बहुतांशी वसई-विरारची सरासरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत पालघरचा स्वतंत्र आकडा नाही. तो २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत प्रथम आला. म्हणून 'पालघरमधील दहा वर्षांचा कल' असे शीर्षक असलेला तक्ता दिसला की त्यातील आधीचा आकडा कुठून आणला, हे विचारावे.

हे सारे आजच सांगण्याचे कारण वाढवण. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या बंदराला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत असे त्याचे स्वरूप आहे. दहा-पंधरा वर्षांनी मासळी, गाळ, किनाऱ्याची धूप यांवर वाद होतील आणि दोन्ही बाजू पुन्हा आलेख घेऊन येतील. तेव्हा बंदराचा परिणाम सांडपाण्याच्या, तापमानाच्या आणि बेसुमार मासेमारीच्या परिणामांपासून वेगळा काढता येईल की नाही, हे त्या वेळच्या संगणकावर नव्हे तर आधी घेतलेल्या नोंदींवर अवलंबून राहील. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातील एक-दोन हंगामांची मोजमापे त्यासाठी अपुरी आहेत.

कामाचे स्वरूप फार खर्चिक नाही. सातपाटी, नवापूर, वाढवण आणि डहाणू या ठिकाणी दर महिन्याला ठरलेल्या जागी पाण्याचे व गाळाचे नमुने. बोटींचे दिवस आणि जाळ्यांचा प्रकार यांची नोंद. सहकारी संस्थांकडील पापलेटच्या खरेदीच्या जुन्या वह्यांचे संगणकीकरण. आणि कोणता प्रश्न, कोणत्या आकड्यांवर, कोणत्या पद्धतीने तपासणार हे मोजणीपूर्वी लिहून जाहीर करणे. पालघरचे सोनोपंत दांडेकर महाविद्यालय आणि परिसरातील इतर महाविद्यालये यांतील संख्याशास्त्र, रसायनशास्त्र व प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील तयार उदाहरणांऐवजी हा प्रकल्प देता येईल. त्यांना रेषा काढायला शिकविण्यास एक तास पुरतो. रेषेपासून दूर पडलेल्या ठिपक्यांपाशी थांबून त्या दिवशी नवापूरला काय घडले होते, हे शोधायला एक सत्र लागेल. हा सर्व कच्चा तपशील महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मत्स्यव्यवसाय विभाग आणि मच्छीमार संस्था या तिघांनाही सारखाच खुला असला पाहिजे, आणि तो भरावाचे काम पुढे सरकण्याआधी, येत्या जूनच्या मासेमारीबंदीपासूनच जमवायला घेतला पाहिजे.